कॅप्टन चिटणीसांची दोन बोटं

कॅप्टन उल्हास चिटणीस मला पहिल्यांदा भेटले ते माझ्या स्कूटरच्या मागच्या सीटवर, आणि त्या संध्याकाळी लखनौ शहरात जे घडलं त्याची नोंद इतिहासानं का घेतली नाही हे मला अजून कळलेलं नाही. महाराष्ट्र समाजाची गणपतीची मीटिंग संपली होती. वर्गणीवरून भांडणं होऊन, ती मिटून, पुन्हा नव्यानं सुरू होण्याच्या बेतात होती. मी हळूच काढता पाय घेतला, तर फाटकापाशी एक सहा फुटी गृहस्थ उभे. "निशातगंज साइडला जाताय का? मला ब्रिजच्या पलीकडे सोडलंत तरी चालेल," असं ते म्हणाले आणि मी हो म्हणायच्या आत मागे बसलेसुद्धा.

मी स्कूटर चालवतो असं म्हणण्यापेक्षा स्कूटर मला शहरभर हिंडवते असं म्हणणं खरं. पण त्या दिवशी काय झालं कोण जाणे. हजरतगंजातून निघालो तो लोण्यातून सुरी फिरावी तसा. विक्रम टेम्पो, जे एरवी साक्षात यमराजाला साइड देत नाहीत, ते अदबीनं बाजूला होत होते. एक म्हैस रस्ता ओलांडता ओलांडता थांबली आणि माझ्याकडे आदरानं पाहू लागली. चौकातल्या ट्रॅफिक हवालदारानं शिटी तोंडाशी नेली आणि वाजवायचं विसरून तशीच धरून ठेवली. दोन ट्रकांच्या मधून, एक इंचही इकडेतिकडे न होता, मी निशातगंजच्या पुलावर असा चढलो की पुलालाही कळलं नसेल. घरी येऊन मी बायकोला, मृणालला, सांगितलं, "चव्वेचाळिसाव्या वर्षी माणसाच्या अंगात कला येते, यावर माझा आजपासून विश्वास बसला."

दुसऱ्या दिवशी सकाळी बँकेत जाताना मी केळ्यांच्या ठेल्यात घुसलो. ठेलेवाल्यानं केळी वेचता वेचता विचारलं, "बाबूजी, कल शाम तो आप बड़े तरीके से निकले थे. रात में क्या हो गया?"

मृणालनं मात्र नेमका प्रश्न विचारला. "काल त्या माणसाचे हात कुठे होते?"

मग आठवलं. हात लांबलचक, माझ्या दोन्ही काखांखालून पुढे आलेले, आणि हँडलच्या मुठींच्या आतल्या बाजूला, खालून, दोन दोन बोटं टेकलेली. मला वाटलं होतं, बिचारा घाबरून धरून बसलाय.

तर असे हे चिटणीस. मूळचे नागपूरचे. सरकारी विमान कंपनीत वीस-बावीस वर्षं काढून, पेन्शनवर पाणी सोडून, नव्यानं निघालेल्या उत्तरा एअरवेजमध्ये आलेले. उत्तरा एअरवेज ही कानपूरच्या एका पानमसालेवाल्या शेठजींची कंपनी, मुक्काम अमौसी, म्हणजे लखनौचा विमानतळ. तिच्याकडे भाड्यानं आणलेली जुनी बोईंग विमानं होती आणि त्यांच्यावरचे सगळ्यात ज्येष्ठ कॅप्टन हे. पत्नी सुनेत्रावहिनी औषध संशोधन संस्थेत शास्त्रज्ञ. त्यांची संस्था लखनौत, म्हणून यांचं विमानही लखनौत, असा साधा हिशेब होता. मुलगी जुई कॉलेजात. ती मराठी ऐकायची आणि हिंदीत उत्तर द्यायची, जशी इथली आपली सगळीच पोरं देतात.

उल्हासरावांची ती दोन बोटं घरात सगळीकडे असायची. वहिनी कढईत पाक ढवळत असल्या की हे बोलत बोलत शेजारी येऊन उभे राहणार आणि उलथन्याच्या टोकाला दोन बोटं लावणार. जुई लहानपणी हत्ती काढत असे, तेव्हा कागद खालून असा जरासा फिरायचा की हत्तीची सोंड बरोबर जागेवर यायची. त्या हत्तीला शाळेत बक्षीस मिळालं होतं आणि पोरगी दोन वर्षं स्वतःला चित्रकार समजत होती. माझ्याशी कॅरम खेळताना तर हे प्रतिस्पर्धी असूनही माझा नेम चुकतोय असं दिसलं की पट गुडघ्यानं हळूच सरकवायचे. मी जिंकायचो. हरल्यावर ते इतके खूश दिसायचे की माझा जिंकण्यातला रस गेला.

मी एकदा म्हटलं, "अहो कॅप्टन, सरळ सांगा ना, 'शरदराव, तुमचा नेम चुकतोय.'"

"छे छे," ते म्हणाले. "सांगितलं की माणूस बिथरतो. न सांगता सावरलं की त्याला वाटतं आपलं आपल्यालाच जमलं. मग पुढच्या वेळी खरंच जमतं."

"मला अजून स्कूटर जमलेली नाही."

"तुमची केस जरा वेगळी आहे," ते अगदी प्रेमानं म्हणाले.

हीच त्यांची विमान शिकवायची पद्धत होती. बोईंगमध्ये दोन वैमानिकांपुढे दोन चक्रं असतात, मोटारीच्या स्टिअरिंगसारखी, आणि ती आतून एकमेकांना जोडलेली असतात. एकानं वळवलं की दुसऱ्याचंही वळतं. शेजारी नवखा पोरगा विमान उतरवत असला की उल्हासराव खिडकीबाहेर बघत, हवापाण्याबद्दल बोलत बसायचे, आणि आपल्या चक्राला खालून दोन बोटं लावून ठेवायचे. पोराचा हात जड पडला की बोटं जरा उचलायची, हलका पडला की जरा दाबायची. इतकं कमी की पोराला वाटावं वाऱ्यानंच हललं असेल. विमान फुलासारखं टेकायचं. मग हे म्हणायचे, "वाह बेटा. मख्खन." अशी मख्खन उतरवणारी बरीच पोरं त्यांनी तयार केली. त्यातला सगळ्यात लाडका संग्राम सिंह, गोरखपूरकडचा, मिशीवाला, सुनेत्रावहिनींच्या हातची पुरणपोळी एका बैठकीत पाच खाणारा. कंपनीत त्याच्या लँडिंगचं नाव होतं. प्रवासी उतरताना हवाई सुंदरीला विचारायचे, आज किसने उतारा.

शहाण्णव साली बोईंगच्या मालकांनी भाडं वाढवलं आणि शेठजींनी जाहीर केलं की आता एअरबस आणायची. एक बैठक झाली. कुणीतरी धीर करून म्हणालं की विमान बदललं की वैमानिकांना सगळं नव्यानं शिकावं लागतं, परीक्षा द्यावी लागते. शेठजी म्हणाले, "क्यों? हमारा ड्राइवर टाटा भी चलाता है, लेलैंड भी." उल्हासरावांनी हे आम्हाला हसत हसत सांगितलं. ते शेवटचं हसणं, असं म्हणण्याइतका मी नाटकी नाही. पण त्या वर्षी ते फारसे हसले नाहीत हे खरं.

एअरबसमध्ये चक्र नसतंच. खुर्चीच्या बाजूला एक छोटी दांडी असते, पोरं व्हिडिओ गेम खेळतात तशी. कॅप्टनची डावीकडे, दुसऱ्याची उजवीकडे. आणि त्या दोन दांड्या एकमेकींना जोडलेल्या नाहीत. एकानं काय केलं ते दुसऱ्याच्या हाताला कळत नाही. दोघांनीही एकदम हलवल्या, तर आतला कॉम्प्युटर दोघांची बेरीज करतो आणि विमान ती बेरीज पाळतं. म्हणून तिथला नियम असा की एका वेळी एकानंच हात लावायचा. दुसऱ्याला घ्यायचं असेल तर त्यानं दांडीवरचं लाल बटण दाबायचं आणि मोठ्यानं, स्पष्ट म्हणायचं, "आय हॅव कंट्रोल." म्हणजे तुझं चुकतंय, बाजूला हो, मी घेतो. सगळ्यांना ऐकू जाईल असं.

हे सगळं त्यांनी मला आमच्या गच्चीवर दोन लाटणी घेऊन समजावून सांगितलं. मी म्हटलं, "मग अडचण काय?"

"अडचण काही नाही," ते म्हणाले. "पण शेजारचा काय करतोय ते हातालाच कळत नाही हो. आंधळ्याचा हात धरून चालतोय असं वाटावं, आणि हातात नुसती काठी निघावी."

पुस्तकी परीक्षेत ते पहिले आले. पन्नाशी उलटलेला माणूस रात्ररात्र जागून पोरांच्या पुढे गेला, याचं आम्हाला कौतुक. चौक बाजारातून मलई गिलौरी ही इथली खास मिठाई आणून वाटली. मग हैदराबादला भाड्याच्या सिम्युलेटरवर प्रत्यक्षातली परीक्षा. सिम्युलेटर म्हणजे जमिनीवर उभं असलेलं खोटं विमान, हलतं, डुलतं, आपटतं, पण कुणी मरत नाही. परीक्षा जोडीनं असते. डाव्या खुर्चीत उल्हासराव, उजव्या खुर्चीत संग्राम, मागे परीक्षक. दोन संधी. दुसऱ्यांदा नापास तर कॅप्टनची खुर्ची गेली, आणि तो शेरा कायमचा नावावर. पन्नाशीतल्या, दोनदा नापास माणसाला दुसरी कंपनी दारात उभं करत नाही. थोडक्यात, उडायचं की नाही एवढाच प्रश्न होता.

उल्हासरावांचा स्वतःचा भाग उत्तम झाला. मग संग्रामची पाळी. आडवा वारा, पाऊस, उतरायचं आहे. टेकायच्या आधी विमानाचं नाक जरासं उचलावं लागतं. संग्रामनं उचललं, जरा कमी. उल्हासराव खिडकीबाहेर बघत होते. डाव्या हाताची दोन बोटं दांडीला लागली आणि दांडी केसभर मागे आली. बेरीज झाली. विमान चेंडूसारखं वर उसळलं. संग्रामनं घाबरून नाक खाली दाबलं. याचीही बोटं त्याच क्षणी तेच करायला धावली. पुन्हा बेरीज. विमान नाकावर आपटलं.

परीक्षकाच्या पडद्यावर दोन दांड्यांच्या दोन रेघा उमटतात. त्यानं दोघांना त्या दाखवल्या आणि उल्हासरावांना नापास केलं. संग्राम डाव्या दांडीच्या रेघेकडे बघत राहिला.

पुढचं मला खुद्द संग्रामनंच सांगितलं, अमौसीला चहा पिताना. हैदराबादच्या हॉटेलच्या जिन्यात त्यानं त्यांना गाठलं आणि विचारलं, "सर, एक बात पूछूँ? बोइंग पे भी हाथ रखते थे क्या?"

उल्हासराव म्हणाले, "अरे, बस यूँ ही. दो उँगलियाँ."

"हमेशा?"

ते जिना उतरू लागले.

"तो वो लैंडिंग किसकी थीं, सर?"

संग्राम मला म्हणाला, "शरद अंकल, मेरी शादी में मेरे ससुर को बताया गया था कि लड़का मख्खन उतारता है." तो हसला, पण कपाळावरची शीर उभी होती. "तीन साल से मैं घमंड में जी रहा था. किसी और के घमंड में."

मी त्याला समजावलं की अरे, तुझ्या भल्यासाठीच. तो म्हणाला, "भला करना था तो बोल देते. गाली दे देते."

उल्हासराव लखनौला परत आले ते एक मोहीम घेऊन. हात आवरायचे. जेवताना डावा हात मांडीखाली. टीव्ही बघताना दोन्ही हात मांडीखाली. मी माझ्या स्कूटरवरून त्यांना घेऊन जायचो तर हात स्वतःच्या खिशात, आणि मी शहरातला जो खड्डा चुकवत नसे तो प्रत्येक खड्डा ते निमूटपणे सोसायचे. कॅरममध्ये मी हरू लागलो. सुनेत्रावहिनींचा पाक दोनदा करपला.

"भावजी, यांना काहीतरी सांगा," वहिनी म्हणाल्या. "संन्याशासारखे वागायला लागलेत. मी वरच्या फळीवरून डबा काढत होते, तो डोक्यावर पडला. हे समोर उभे. हात मागे बांधून."

"अगं, मला दिसत होतं पडणार ते," उल्हासराव म्हणाले.

"दिसत होतं ना? मग बोलायला तोंड होतं की नाही?"

यावर ते विचारात पडले. मला वाटलं, आता पडेल उजेड. पण ते म्हणाले, "तोंडाचं नंतर बघू. आधी हात."

त्याच दिवसांत जुई मोपेड शिकत होती. आमच्या कॉलनीतला रस्ता, कडेला उघडी नाली. उल्हासराव शेजारून चालत होते. हा त्यांनी स्वतःच्या हातांना मुद्दाम लावलेला सराव होता, पण पोरीला ते ठाऊक नव्हतं. मोपेड नालीच्या दिशेनं गेली. हात पुरेल इतक्या अंतरावरून गेली. मी फाटकात उभा होतो, मी पाहिलं, उल्हासरावांचे दोन्ही हात विजारीच्या खिशात मुठी करून गच्च होते, इतके की खिसे फाटतील असं वाटलं. ती पडली. हनुवटीला टाके पडले.

दवाखान्यातून येताना ती म्हणाली, "बाबा, आप तो बगल में ही थे."

"हो."

"पकड़ा क्यों नहीं?"

"तुला जमेल असं वाटलं," ते म्हणाले. माझ्या माहितीप्रमाणे ते पोरीशी पहिल्यांदाच खोटं बोलले. आणि घरी येऊन मला, गच्चीवर, दबक्या आवाजात, जवळजवळ आनंदानं म्हणाले, "शरदराव, हात हलला नाही. अजिबात नाही."  अभिनंदन करावं की कानाखाली वाजवावी, हे ठरवता येईना, म्हणून मी चहा मागवला.

दुसरी परीक्षा. तेच हैदराबाद, तोच सिम्युलेटर, तोच परीक्षक, उजवीकडे तोच संग्राम. परीक्षकानं उल्हासरावांच्या नकळत संग्रामला बाजूला घेऊन सांगितलं होतं की शेवटच्या उतरण्यात तू मुद्दाम चूक कर. विमान फार खाली ने, कॅप्टन काही म्हणाला तरी ऐकू नकोस. बघू, कॅप्टन वेळेवर ताबा घेतो का. हे सगळीकडेच करतात. कॅप्टन म्हणजे शेवटी तोच की ज्याला घेता येतं.

संग्राम विमान खाली नेऊ लागला. धावपट्टीचे दिवे असावेत त्याहून वर दिसू लागले. उल्हासरावांनी ते पाहिलं. त्यांना कळायला किती वेळ लागणार, त्यांचा जन्म त्यात गेला होता. पण त्यांची ठाम समजूत होती की आपली परीक्षा हात न लावण्याची आहे, आणि समोर जे चाललंय तो आपल्यासाठी लावलेला सापळा आहे. सापळा होताच, फक्त उलटा. त्यांनी दोन्ही हात मांड्यांखाली सारले.

"संग्राम," ते हळू म्हणाले, "बेटा, थोड़ा ऊपर."

संग्रामनं ऐकल्यासारखं केलं नाही.

"बेटा, ज़रा देख लो. नीचे हो रहे हैं."

विमानातला यांत्रिक आवाज ओरडायला लागला. तेवढा एकच आवाज त्या खोलीत मोठा होता.

"मैं मन में चिल्ला रहा था," संग्राम मला म्हणाला. "सर, ले लो. बटन दबाओ, गाली दो, ले लो. अंकल, मैंने उनकी तरफ़ देखा. आँखें रनवे पे, हाथ जाँघों के नीचे, और मुँह पे ऐसी मुस्कान जैसे किसी के घर मेहमान बैठे हों."

पडदा लाल झाला. म्हणजे तिथे, खऱ्या आयुष्यात, सगळे संपले असते.

परीक्षकानं विचारलं, "कॅप्टन, तुम्हाला दिसत होतं?"

"दिसत होतं."

"मग ताबा का घेतला नाही?"

"तो उडवत होता ना," उल्हासराव म्हणाले.

लखनौत ही बातमी त्यांच्या आधी पोचली. 'पहले आप'वाल्या शहरात यापेक्षा चांगला विनोद कुठला. अमौसीच्या कँटीनमध्ये पोरं एकमेकांना चहाचा पेला देताना म्हणायची, "पहले आप, कॅप्टन." त्यातली निम्मी त्यांनीच मख्खन केलेली होती. मी स्वतः विनोदावर जगणारा माणूस, पण तो विनोद ऐकून मी पेला खाली ठेवला.

मी भेटायला गेलो तेव्हा सुनेत्रावहिनी दारातच म्हणाल्या, "भावजी, आज त्यांना बोलू देऊ नका, ऐकवत नाही." आत उल्हासराव खुर्चीत बसले होते. मी म्हणालो, "तिसरी संधी मागून बघा. शेठजींना भेटू आपण."

"कशाला?" ते म्हणाले. "निकाल बरोबर आहे."

"बरोबर कसा? आधी लावला म्हणून नापास, मग नाही लावला म्हणून नापास."

"मधलं एक होतं ना," ते म्हणाले. "मोठ्यानं सांगून घ्यायचं. ते मला येत नाही, शरदराव. इतकी वर्षं मला वाटत होतं मी भला माणूस आहे. आता वाटतं, मला कुणाच्या तोंडावर 'तुझं चुकलं' म्हणवत नव्हतं, बस. चोरून सावरत होतो. संग्राम तेच म्हणाला ना तुम्हाला?"

मी 'नाही' म्हणालो. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. खोटं त्यांना कळतच असणार, पण त्यांनी सवयीनं मला सावरून घेतलं आणि म्हणाले, "मग ठीक आहे."

शेठजींनी त्यांना काढलं नाही. मोठ्या मनानं अमौसीच्या ऑफिसात टेबल दिलं. कुठल्या वैमानिकानं कधी उडायचं याचा तक्ता करायचं काम. पगार निम्मा. पहिल्या आठवड्यात त्यांनी संग्रामला कॅप्टन म्हणून डाव्या खुर्चीत टाकणारा तक्ता स्वतःच्या हातानं लिहिला. संग्राम टेबलापाशी आला, "थँक्यू सर," म्हणाला. "मेरा काम है," हे म्हणाले. त्यानंतर पुरणपोळीला तो कधी आला नाही. वहिनी दोन वर्षं आमंत्रण पाठवत राहिल्या.

उल्हासरावांनी पुढे स्वतःची वैद्यकीय तपासणी करून घेतली नाही. तिच्याशिवाय वैमानिकाचा परवाना टिकत नाही. मी विचारलं तर म्हणाले, बसल्या जागी तक्ते लिहायला कुणी रक्तदाब बघत नाही. दर वेळी विमान वरून गेलं की आम्ही गच्चीवर बसलेलो असायचो आणि मी मुद्दाम कॅरमबद्दल बोलायचो. त्यांनी कॅरमही सोडला. मी एकटाच सोंगट्या मारायचो आणि चुकायचो, आणि ते बघत बसायचे.

अठ्ठ्याण्णव साली उत्तरा एअरवेज बंद पडली. एअरबस विमानं त्यांच्या परदेशी मालकांनी परत नेली. संग्रामला दिल्लीच्या एका कंपनीत नोकरी लागली, बोईंगवर. तिथे बोईंगच्या कॅप्टनच्या आणखी काही जागा रिकाम्या होत्या, आणि एअरबसवरच्या शेऱ्याकडे तिथे कुणी बघत नव्हतं. उल्हासरावांचा परवाना तोवर रद्द झाला होता.